गोधडीच्या सावडीत जावे काय?

आमचे घर सरहद्दीवरचे म्हणायला हवे. वडील बेळगावकडचे, आई खानदेशातली, अमळनेर तालुक्यातली. त्यामुळे लहानपणी एकाच वस्तूला घरात दोन नावे होती. आजोळहून आलेली ती गोधडी आणि वडिलांच्या आईने शिवलेली ती वाकळ. पुढे वसतिगृहाच्या खोलीत कानडी मैत्रीण आली, तिने आपली वळकटी सोडली आणि म्हणाली, "ही आमची कौदी." तीन नावे झाली, पांघरूण एकच. आपल्या अंकाच्या मराठी आणि कन्नड विभागांचे पानांच्या वाटणीवरून दरवर्षी थोडे वाजते म्हणतात; पण जुनेराला टाके घालून त्याखाली झोपण्याबाबत दोन्ही बाजूंचे कधी भांडण झाल्याचे ऐकिवात नाही.

हे आठवायला कारण झाले माझी सुरतेची मावशी. दिवाळीच्या सुटीत मी तिच्याकडे लिंबायतला पंधरा दिवस राहून आले. सुरत म्हटले की आपल्याला शिवाजीमहाराजांची स्वारी तेवढी आठवते. परंतु आज तिथल्या लिंबायत, उधना, डिंडोली या भागांत गेलात तर आपण धुळ्यात आहोत की जळगावात असा प्रश्न पडावा. दुकानाच्या पाट्या गुजराती, ओट्यावरची बोली अहिराणी. तापीच्या काठाकाठाने नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर करत येणारी रेल्वे १९०० च्या सुमारास झाली. पुढे इकडे शेतीला पाणी नाही आणि तिकडे मागांना माणसे हवीत, असे जमून आल्यावर त्याच गाडीने खानदेश सुरतेत उतरत गेला. माझे काका (मावशीचे यजमान) उधन्यात यंत्रमागावर आहेत. बारा तासांची पाळी, एक आठवडा दिवसाची, एक आठवडा रात्रीची.

मावशीही कमावते. शेठचा माणूस सकाळी साड्यांचा गठ्ठा टाकून जातो. त्यांवर चकचकीत खडे चिकटवायचे, कधी किनारीची लेस लावायची, कधी नुसते सुटे धागे कापायचे. मजुरी नगावर. रिंग रोडच्या बाजारात काचेच्या आड ज्या साड्या झगमगतात, त्यांची झगमग लिंबायतच्या एकेका खोलीत, भात शिजेपर्यंतच्या वेळात लागलेली असते. आपण साडी घेताना हे कुणी सांगत नाही.

तर मावशीच्या गल्लीत एक मंडळ निघाले आहे. गोधडी शिवणाऱ्या बायकांचे. नाव नाही, नोंदणी नाही, फलक तर नाहीच. चौदा जणी मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी जवळच्या वाडीच्या ओट्यावर जमतात. (गुजरातेत वाडी म्हणजे लग्नकार्याची जागा, बाग नव्हे. मला हे समजायला दोन दिवस लागले.) बहुतेक जणी खानदेशी, दोघी उत्तर प्रदेशाकडच्या, एक ओडिशाची. दोऱ्यासाठी थोडी वर्गणी. कुणाची गोधडी आधी शिवायची ते भिशीसारखे चिठ्ठी टाकून ठरते. जिची चिठ्ठी, तिचे जुने कपडे. आणि टाके सगळ्यांचे.

मावशीला त्यात ओढत होते, आणि तिचे मन होत नव्हते. दुपारच्या त्या दोन तासांत तिच्या दोन साड्या होतात. आठवड्याला चार साड्यांची मजुरी बुडवून चिंध्यांना टाके घालायचे की काय? एका रात्री भांडी घासता घासता ती मला म्हणाली, "तू शिकेल शे, तूच सांग."

मी शिकलेली म्हणून जे सांगितले त्याची आज लाज वाटते. मी म्हणाले, "मावशी, बाजारात पानिपतची ब्लँकेटं मिळतात की. कशाला डोळे फोडून घेतेस?" मावशी हसली आणि गप्प बसली. हा लेख म्हणजे त्या उत्तराची दुरुस्ती आहे.

पैशाचा हिशेब आधी मिटवून टाकू. अर्थशास्त्राच्या तासाला आपण शिकतो की एखाद्या कामाची किंमत म्हणजे त्याच वेळात होऊ शकणारे आणि न झालेले दुसरे काम. या कसोटीवर गोधडी केव्हाच नापास होते. तिला लागणाऱ्या तासांत मावशीने खडे चिकटवले तर त्या पैशात दोन ब्लँकेटे येतील आणि वर भाजीला उरतील. शिवाय सुरतेची थंडी ती केवढी! आपल्याकडच्या पौषातल्या पहाटेची तिला सर नाही. तेव्हा जो कोणी म्हणेल की मंडळात गेल्याने घरखर्च वाचतो, त्याने मंडळही पाहिलेले नाही आणि घरखर्चही.

दुसरा आक्षेप आमच्या वादविवाद मंडळातल्या मैत्रिणींचा. बायकांच्या हातची सुई सुटावी म्हणून एवढी शाळा-कॉलेजे झाली, आणि तुम्ही पुन्हा त्यांना सुई घेऊन बसवता? हा आक्षेप मला जास्त मोलाचा वाटतो. पण त्यात एक चूक आहे. मावशीच्या हातात सुई नसली तर पुस्तक येणार नाही; खडे चिकटवायचा गोंद येणार आहे. तो गोंद ती एकटी, चार भिंतींत, दुसऱ्याच्या साडीवर, नगाच्या हिशेबाने लावते. ओट्यावरची सुई तिच्या स्वतःच्या वस्तूत चालते आणि शेजारी तेरा बायका असतात. या दोन कामांना एकाच मापाने कसे मोजायचे?

आता गोधडी शिवतात कशी ते सांगते, कारण सगळे तिथेच आहे. ज्यांनी घरी पाहिले आहे त्यांनी हा परिच्छेद ओलांडला तरी चालेल. खाली एक धड कापड पसरतात, बहुधा जुने लुगडे. त्यावर जुनेराचे थर: धोतर, चादरी, परकर, शाळेचे सदरे, उसवून सपाट केलेले. वर पुन्हा एक चांगले कापड. मग थर सरकू नयेत म्हणून मोठे कच्चे टाके. आणि त्यानंतर कडेपासून सुरुवात करून धावदोरा घालत, चौकटीत चौकट करत, आत आत मध्यापर्यंत जायचे. एकटीने शिवायची तर हा सगळा डोंगर दर थोड्या वेळाने फिरवावा लागतो. फिरवला की थर सरकतात, सरकले की चुण्या पडतात, आणि चुणी पडलेली गोधडी पाठीला रात्रभर आठवण देते. चौघी चार बाजूंना बसल्या तर गोधडी हलवावीच लागत नाही. बायकाच पुढे सरकतात. म्हणजे ही वस्तू मुळातच चौघींची आहे. शिवणयंत्र एकटीचे, स्वेटर एकटीचा. गोधडी एकटीने करता येते, पण ती तशी करण्यासाठी निघालेली नाही.

गावाकडे यासाठी मंडळ लागत नसे. शेतात जशी सावड असते, आज माझी पेरणी, उद्या तुझी, तशीच दुपारी अंगणात गोधडीची सावड होई. बोलावणे नाही, वर्गणी नाही. आमची कानडी मैत्रीण सांगते की त्यांच्याकडे अशा परतफेडीच्या मजुरीला मुय्याळू म्हणतात. सुरतेच्या खोलीत अंगण नाही, आणि शेजारीण तुमच्या गावची असेलच असे नाही. म्हणून जे आपोआप होई त्याला वार ठरवावा लागतो, चिठ्ठ्या टाकाव्या लागतात. इंग्लंड-अमेरिकेत रजया शिवणाऱ्यांची असली मंडळे गावोगाव आहेत, त्यांना ते गिल्ड म्हणतात. सभासद, वर्गणी, महिन्याची बैठक, सगळे रीतसर. तिथेही मुळात शेजारणीच अंगणात जमत असाव्यात, आणि शेजार विस्कटल्यावर सभासदत्व आले असावे, असा आपला माझा तर्क.

नियम आले की नियम मोडणाऱ्याही आल्या. भिशीत पहिला नंबर लागलेला सभासद पुढे हप्ते चुकवतो, तसे इथे झाले. एकीची गोधडी दुसऱ्याच फेरीत पुरी झाली आणि तिसऱ्या आठवड्यापासून तिचे गुडघे दुखू लागले. मग ठराव झाला की आपली गोधडी झाल्यावरही शेवटच्या चिठ्ठीपर्यंत यायचे. ज्या दिवशी येणार नाही त्या दिवशी दोऱ्याची एक गुंडी द्यायची. गुडघे बरे झाले. मी हे हसण्यावारी सांगत असले तरी मंडळात जाऊ इच्छिणाऱ्या कुणीही पहिली चौकशी याचीच करावी. मंडळातल्या बायका किती प्रेमळ आहेत ते नंतर. शेवटचा नंबर लागलेलीला सावड पुरी मिळते की नाही, हे आधी.

दुसरी चौकशी कापडाची. सुरत हे कृत्रिम धाग्याचे गाव. चिंधीला तिथे तोटा नाही. बाजारातून पोतीच्या पोती निघतात. नवख्या बाईला वाटते, हे तर गोधडीचे माहेरघर! पण ती चिंधी हातात घेऊन पाहावी. जॉर्जेट बोटातून निसटते, कापल्यावर कडेचे धागे सुटत जातात, घाम शोषत नाही, थंडीत अंगावर चटचट ठिणग्या उडवते आणि चुलीची एक ठिणगी पडली तर जळत नाही, वितळते. गोधडीला हवे ते वापरून वापरून मऊ झालेले सुती कापड. ते कापडांच्या राजधानीत दुर्मिळ! नऊवारी सुती लुगडे नेसणारी पिढी गेली, धोतर गेले. मंडळाचा नियम असा की वरचा पदर हवा तर सुरती असो, आतले थर सुतीच. त्यासाठी प्रत्येकीला गावाकडे निरोप धाडावा लागतो. पूर्वी जे जुनेर बोहारणीला देऊन त्याबदली पातेले यायचे, ते आता जपून ठेवले जाते. मावशीची जाऊ म्हणते, लग्नातल्या साड्या द्यायला कुणी नाही म्हणत नाही, पण सासऱ्यांचे धोतर मागितले तर घरात मोठी गंभीर चर्चा होते.

मावशीच्या घरच्या एका गोधडीची गोष्ट मला आईने सांगितली होती, ती यावेळी मावशीच्या तोंडून ऐकली. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणाचे पाणी सोडले आणि सुरतेचा फार मोठा भाग बुडाला. मावशीचे नवे लग्न. खोलीत कमरेइतका गाळ. गादी फेकावी लागली, ट्रंकेतले कपडे कुजले. आजीने दिलेली गोधडी पाणी पिऊन इतकी जड झाली होती की दोघींना उचलेना. तेव्हा शेजारच्या दोघी-तिघींनी मिळून ती उसवली, थर वेगळे करून धुतले, पत्र्यावर वाळवले आणि पुन्हा शिवली. उसवताना तिच्या पोटात आणखी एक जुनी गोधडी निघाली, आजीच्याही सासूची, इरकली लुगड्याची. हे इरकली इलकलचे, म्हणजे थेट कर्नाटकातले. अमळनेर तालुक्यातल्या घरात ते कसे गेले कोण जाणे. आज ती गोधडी मावशीच्या मुलाच्या अंगाखाली आहे. गादी उसवून कुणी पुन्हा भरत बसत नाही. पानिपतचे ब्लँकेट विरले की पायपुसणे होते. गोधडीला मरण आहे ते दुसऱ्या गोधडीच्या पोटात जाण्यापुरतेच.

पण मंडळावर खरे संकट आले ते गाळाने नव्हे, गिऱ्हाइकाने. गेल्या वर्षी एक गृहस्थ आले. त्यांनी ओट्यावरचे काम पाहिले, फोटो काढले, फार स्तुती केली आणि तान्ह्या बाळांच्या पन्नास दुपट्यांची मागणी नोंदवली. कापड त्यांचे, नमुना त्यांचा, मजुरी नगावर. बायकांना आनंद झाला, आणि का होऊ नये? पण महिन्याभरात ओट्यावर दोन तट पडले. जिचा टाका बारीक तिला जास्त नग. जिचा जाड, तिला उसवून पुन्हा. चिठ्ठीत नंबर लागलेल्या दोघींच्या गोधड्या अर्ध्यावर गुंडाळून कोपऱ्यात. दुपटी गेली, पैसे आले, थोडे राहिलेही. आणि पुढे सहा महिने मंगळवारी कुणी आले नाही. आता जे सुरू आहे ते दुसऱ्यांदा.

यावरून गोधडी विकूच नये असे मी म्हणणार नाही. पोट असलेल्या माणसाला असा उपदेश करणे सोपे आणि वाईट. उलट गुजरातेतच याचे मोठे उदाहरण आहे. अहमदाबादेत गिरण्यांच्या चिंध्यांपासून खोळी शिवणाऱ्या शेकडो बायका होत्या, बहुतेक मुसलमान वस्तीतल्या. व्यापारी चिंधी देणार, तोच खोळ घेणार, आणि दोन्ही भाव तोच ठरवणार. इलाबेन भट्ट यांनी १९७२ मध्ये स्थापन केलेल्या 'सेवा' संघटनेने या बायकांना एकत्र केले. त्यांनी मजुरी वाढवून मागितली तेव्हा व्यापाऱ्यांनी काम देणेच बंद केले, आणि त्यातून बायकांची स्वतःची सहकारी मंडळी उभी राहिली, तिचे नाव 'सबीना'. तिथे संघटनेचे काम काय? भाव ठरवणे, चिंधी मिळवणे, हिशेब ठेवणे, व्यापाऱ्याशी भांडणे. ती सावड नव्हती, ती युनियन होती, आणि तिला युनियनच हवी होती. लिंबायतच्या ओट्यावर घोटाळा झाला तो विकल्यामुळे नव्हे; सावड म्हणून जमलेल्या बायकांनी एका दुपारीत कारखाना व्हायचे कबूल केले आणि कारखान्यात लागते ते काहीच, ना दर ठरवणारी, ना हिशेब पाहणारी, त्यांच्यापाशी नव्हते म्हणून झाला.

अमेरिकेतही हे घडून गेले आहे. अलाबामा राज्यात जीज बेंडच्या परिसरातल्या काळ्या बायकांनी १९६६ साली 'फ्रीडम क्विल्टिंग बी' नावाची सहकारी संस्था काढली. (इंग्रजीत इथे बी म्हणजे शेजाऱ्यांनी जमून करायचे काम, आपली सावडच.) नागरी हक्कांच्या चळवळीचे दिवस, मतदार म्हणून नाव नोंदवले म्हणून काहींच्या हातची कसायची जमीन गेली होती, आणि त्या काळात या शिवणाने घरात रोख पैसा आणला. पुढे १९७२ साली सीअर्स या मोठ्या दुकानसाखळीने कॉर्डुरॉयच्या उशांच्या आवरणांची मागणी दिली. मागणीच्या मालात सगळे ठरलेले, टाका इकडचा तिकडे नाही. मात्र उरलेले कॉर्डुरॉयचे तुकडे बायकांनी घरी नेले आणि स्वतःच्या मनाने रजया शिवल्या. २००२ मध्ये ह्यूस्टन आणि न्यूयॉर्कच्या कलासंग्रहालयांत लोकांनी थांबून थांबून पाहिल्या त्या जीज बेंडच्या घरोघरच्या, स्वतःच्या बिछान्यासाठी शिवलेल्या. पैसा देणारे काम वेगळे, नाव देणारे वेगळे, आणि दोन्ही त्याच हातांनी केलेले.

आपल्या जवळचे उदाहरण हवे तर हल्याळ, मुंडगोड, यल्लापूरच्या रानातल्या सिद्दी बायका आहेत. कन्नड विभागाने खरे तर यावर स्वतंत्र लेख द्यायला हवा. त्यांच्या कवंदीच्या चार कोपऱ्यांना कापडाची घडी घालून त्रिकोणी फुले लावतात. फुलांवाचून कवंद उघडी समजतात. २००४ साली त्यांचीही सहकारी संस्था निघाली आणि कवंदी परदेशी गेल्या. आपल्या कॉलेजापासून हल्याळ फार लांब नाही. आपली सहल मात्र दरवर्षी गोव्यालाच जाते.

तेव्हा मावशीला मी आता काय सांगेन? जा, असेच सांगेन. पण संस्कृती टिकवायला नको. तिच्यावर आधीच घर टिकवायचे ओझे आहे, त्यात संस्कृतीची भर कशाला. पैसे मिळतील म्हणूनही नको. तिचा सारा दिवस नगावर मोजला जातो आणि काकांचा पाळीवर. आठवड्यातले चार तास असे की ज्यांत तिने घातलेले टाके कुणी मोजत नाही, आणि उद्या तिच्या चिठ्ठीला तेरा जणींचे टाके परत येतात. तिला शहरात वीस वर्षे झाली. घरची सोडून बाकी कुणाकडून काही परत यायची तिची सवयच मोडली आहे. आणि ज्या आठवड्यात काकांची पाळी बुडेल, मजुरी थकेल, त्या आठवड्यात ती गेली नाही तर मंडळाने तिच्याकडून गुंडी मागू नये, एवढी सुधारणा नियमात करून घ्यावी. ज्या बाईला ते दोन तासही परवडत नाहीत तिला आळशी किंवा माणूसघाणी म्हणणारे मंडळ सावड नव्हे.

आपल्या वसतिगृहातही असे काही करता येईल काय, असे मी मैत्रिणींना विचारून पाहिले. तिघी तयार झाल्या, एकीने सुई कधी धरली नसल्याचे अभिमानाने सांगितले, आणि मुलांच्या वसतिगृहातून एक निरोप आला की शिवायला येणार नाही पण फाटके शर्ट पुष्कळ आहेत. त्यांना कळवले आहे की शर्टबरोबर माणूस आला तरच शर्ट घेऊ. दोघे येतो म्हणाले आहेत.

मावशीला मी पत्र लिहिले, फोनवर हे सगळे नीट बोलता येत नाही. तिचे उत्तर फोनवरच आले. ती आधीच मंडळात गेली होती, माझ्या पत्राची वाट न पाहता. चिठ्ठ्या निघाल्या, तिचा नंबर अकरावा. आईचे एखादे जुने सुती पातळ असेल तर येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर पाठव म्हणाली. हिरवे नको, हिरवी तिच्याकडे दोन आहेत.